१९७४ ची सीजे ३बी जीप, डीआय इंजिन बसवलेलं – डिस्क ब्रेक टाकू का ड्रमच नीट करू?

कापूसवाला_दारव्हा:
नमस्कार मंडळी. घरी आजोबांनी घेतलेली महिंद्राची उंच बोनेटवाली सीजे ३बी आहे, १९७४ चं मॉडेल. बाबांच्या काळात पेट्रोल इंजिन काढून डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) बसवलं, आरसीवर डिझेल चढलेलं आहे म्हणून ते टेन्शन नाही. ब्रेक मात्र कंपनीतून आले तेच आहेत, चारही चाकाले नऊ इंची ड्रम आन् पायाखाली फ्लोअरच्या बुडी एकच मास्टर सिलेंडर, पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकाकडं ढकलणारा. पेट्रोल होतं तेव्हा जीप कोणी पळवतच नव्हतं तं भागून जात होतं, आता ८० ले आरामात जाते पण थांबवाची म्हटलं की देव आठवते.

प्रॉब्लेम असा की पहिल्या दाबात पेडल पार खाली जाते, दुसऱ्यांदा पंप मारला की लागते. लागली की डावीकडे ओढते. रपट्यावरून पाण्यातून काढली की पुढचा अर्धा किलोमीटर ब्रेक आहेत का नाही काही समजत नाही. दिवाळीनंतर जिनिंगवर कापूस न्याचा असते तेव्हा मागं ट्रॉली राह्यते आणि पावसाळ्यात घरच्यांले चिखलदऱ्याले न्याचं कबूल करून बसलो आहे.

तालुक्यातला एक गॅरेजवाला म्हणते की पुढं डिस्क (पॅडनं दोन्हीकडून आवळाची उघडी थाळी) टाक, बोलेरोचं बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं) लाव, विषय संपला. चाळीस हजाराच्या घरात खर्च सांगून राहिला. कोणी केलं आहे का? करावं का नाही?

उगीच_एक:
चाळीस हजारात जुनी व्हॅन येते भाऊ, डिस्क ब्रेक, बूस्टर सगळ्यासकट 😄

कापूसवाला_दारव्हा:
व्हॅन शेतात नेऊन दाखव भाऊ श्रावणात, मंग बोलू.

लेथवाला_अकोला:
डिस्कचं मागून पाहू. तुम्ही जे लिहिलं त्यात डिस्क नसल्यामुळं होऊन राहिलं असं एकच आहे, पाण्यानंतरचं. बाकी दोन्ही बिघाड आहेत, आणि बिघाडावर अपग्रेड चढवलं की बिघाड तिथंच राहते फक्त महाग होते.

पंप मारल्यावर पेडल वर येते म्हणजे बहुतेक शू (ड्रमले आतून घासणारी कमान) आणि ड्रममध्ये गाळा म्हणजे फट जास्त झाली आहे, नाही तर लाइनीत हवा आहे. फरक असा ओळखा. पंप मारून पेडल टणक लागलं तर अ‍ॅडजस्टमेंटचा प्रश्न, स्पंजासारखं दबत राहिलं तर हवा. आणि एक तिसरी टेस्ट करा, गाडी उभी ठेवून पेडलवर पाय दाबून मिनिटभर तसाच ठेवा, हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठं गळती दिसत नाही तर मास्टर सिलेंडरचं रबर आतल्या आत तेल सोडून राहिलं.

डावीकडे ओढते तर लोक डावं चाक खोलतात. उजवं खोला आधी. गाडी जिकडचा ब्रेक लागते तिकडं ओढते, म्हणजे बिचारं डावं काम करून राहिलं आणि उजवं सुट्टीवर आहे. तिथं व्हील सिलेंडरचा (चाकातला शू ढकलणारा छोटा सिलेंडर) पिस्टन गंजून जाम असंल, नाही तर अ‍ॅक्सलचं सील जाऊन लायनरवर (शूवरची घासणारी पट्टी) ग्रीस-तेल उतरलं असंल. तेल प्यायलेलं लायनर घासून धुऊन कामाचं राहत नाही, पेट्रोलनं धुतलं तरी गरम झालं की पुन्हा घाम सुटते त्याले. फेकाच.

ड्रम घेऊन लेथवर या (माह्याकडंच या असं नाही, कुठल्याही बऱ्या टर्नरकडं). नऊ इंच म्हणजे २२८.६ मिमी, साधारण दीड मिमीपर्यंत वाढलेला चालते, त्याच्या वर गेला की टर्निंगच्या नादी न लागता ड्रम बदलाचा. पातळ ड्रम गरम झाला की जास्त फाकते. आणि इथं बहुतेक जण ड्रम टर्न करतात अन् शू तसेच चढवतात, मंग मोठ्या गोलाईत छोट्या गोलाईचा शू फक्त मधोमध टेकते. लायनर चिकटवून झाले की शू त्या ड्रमच्या मापानं घासून घ्या. या एका कामानं ‘जीपले ब्रेकच नसतात’ म्हणणारे लोक गप झालेले पाह्यले आहेत.

अ‍ॅडजस्ट करताना बॅकप्लेटच्या मागं वरचे दोन नट फिरवून थांबू नका, खालच्या अँकर पिनसुद्धा एक्सेंट्रिक असतात, म्हणजे फिरवल्या की शू सरकते. त्या कोणी हातच लावत नाही.

आयटीआयवाली_ताई:
लेथवाले दादांशी सहमत, आणि जुने लायनर खोलताना एक काळजी घ्या, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असायची दाट शक्यता आहे. कंप्रेसरची हवा मारून ड्रम साफ करू नका, ओलं करून पुसा, तोंडाला मास्क.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. माझ्या मते तुमच्या गाडीची खरी भीती ताकद कमी आहे ही नाही, सर्किट एकच आहे ही आहे. एका मास्टर सिलेंडरमधून एकच लाइन चारही चाकांना जाते, म्हणजे एखादा होज (रबरी पाइप) फुटला किंवा शेतात तुऱ्हाटीच्या खुंटानं पाइप खरचटून फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. डिस्क टाकूनही सिलेंडर एकच ठेवला तर हेच होणार. अमेरिकेत १९६८ पासून प्रवासी गाड्यांना दोन वेगळी सर्किट सक्तीची झाली ती याच कारणानं. म्हणून पैसे टाकायचेच असतील तर पहिले टँडम मास्टर सिलेंडरवर टाका, पुढची दोन चाकं एका भागावर, मागची दुसऱ्या.

सिलेंडर निवडताना बोअर (आतला व्यास) बघा. दुकानदार ‘मोठा टाका, दमदार आहे’ म्हणेल. उलट असतं. पायाचा जोर तेवढाच ठेवला तर लहान बोअर जास्त दाब देतो. पाऊण इंच आणि सात अष्टमांश इंच यांच्यात क्षेत्रफळाचा फरक जवळपास ३६ टक्के आहे, म्हणजे पाऊण इंचीला तेवढा दाब जास्त, पण पेडलही तेवढंच जास्त खाली जाणार. तुमचं पेडल आधीच खाली जातं, त्यामुळे अ‍ॅडजस्टमेंट नीट झाल्याशिवाय यातलं काही ठरवूच नका.

आणि ८० चा विषय. ५० वरून थांबवताना ब्रेकला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते त्याच्या अडीच पट ८० वरून लागते, वेगाच्या वर्गात वाढते ती. त्यात ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत असं गृहीत धरते, तिचं वजनही जीपच्याच ब्रेकवर. नऊ इंची ड्रम त्यासाठी बनलेलेच नाहीत. ट्रॉली लावून ८० नको, ब्रेक कुठलेही असोत.

कापूसवाला_दारव्हा:
ताई धन्यवाद, हे सर्किटचं तं कोणी सांगितलंच नव्हतं. ट्रॉलीले ब्रेक नाहीत, बरोबर ओळखलं. ट्रॉली असली की चाळीसच्या वर जात नाही मी, ते ८० मोकळ्या गाडीचं.

मिनिटभर दाबून पाह्यलं, पेडल खाली सरकत नाही. पंप मारल्यावर टणक लागते.

लेथवाला_अकोला:
मंग गाळाच आहे. अर्धा आजार पान्यानं जाते तुमचा.

परतवाडा_फोरबायफोर:
मी डिस्कवाल्यांच्या बाजूनं बोलतो, कोणी तरी बोललं पाहिजे ना बावा. माझ्या एमएम ५४० ला (महिंद्राचीच जीप) पुढं डिस्क आहेत, मेळघाटात वर्षभर चालते गाडी. पाण्यातून बाहेर आली की एक-दोनदा पाय ठेवला, डिस्क मोकळी. ड्रममध्ये पाणी कोंडून बसते आणि त्याच्यासोबत आपली काळी माती, ती वाळली की आत पोपडे धरते. डिस्कलेही चिखल लागते, पॅड लवकर झिजतात, रेतीच्या नाल्यात तं फारच, पण खोलून पाहाले दहा मिनिटं लागतात. घाटात गरम होण्याचंही तसंच, डिस्क उघडी असते, हवा लागते. ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जाते म्हणून पेडल लांबत जाते, डिस्क तापली तं पॅडकडंच फुगते.

पण हे सगळं नीट केलं तरच, आणि मी गॅरेजवाल्याच्या भरवशावर सोडलं नव्हतं. कापूसवाले भाऊ, तुमच्यावाल्याले हे प्रश्न विचारा.

कॅलिपरचा (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) ब्रॅकेट कुठून आणणार? तयार, दुसऱ्या महिंद्राच्या नकलसकट (स्टेअरिंगनं वळणारा, चाक धरणारा भाग) बसणारा असंल तर ठीक. भंगारातली पट्टी गॅसनं कापून वेल्डिंग मारून ब्रॅकेट करणार असंल तर हात जोडा आणि घरी या. पूर्ण ब्रेक मारल्यावर सगळा जोर त्या पट्टीवर येते.

सोळा इंची चाकात कॅलिपर बसते, पण तुमच्या रिमच्या आतून किती जागा राहते ते चाक चढवून हातानं फिरवून पाहाचं. होज पाइप पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं स्टेअरिंग फिरवून आणि चाक लटकतं ठेवून तपासाचा, ताणला जाऊ नये, टायरले घासू नये.

हवा काढायचा निपल वरच्या बाजूले आला पाहिजे. डावं-उजवं कॅलिपर उलटं बसवलं की निपल खाली जाते आणि मंग दिवसभर हवा काढत बसा, हवा वर अडकून राहते, पेडल स्पंजच. हसू नका, परतवाड्यातच एका गाडीचं असं होऊन तिचा मालक ‘डिस्क बेकार’ म्हणत फिरून राहिला.

आयटीआयवाली_ताई:
परतवाडा दादा, एक महत्त्वाचं राहिलं. यांचा मास्टर सिलेंडर फ्लोअरखाली आहे, म्हणजे कॅलिपरच्या बरोबरीनं किंवा खालीच. गाडी उभी असताना कॅलिपरमधलं तेल परत सिलेंडरकडे उतरतं आणि सकाळी पहिलं पेडल रिकामं जातं. त्यासाठी पुढच्या लाइनीत २ पीएसआयचा (दाबाचं माप) रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा, लागतो. मागे ड्रम राहणार, त्या लाइनीला १० पीएसआयचा. जुन्या ड्रमवाल्या सिलेंडरच्या तोंडात तो १० वाला बहुतेक आतच असतो, तो तसाच ठेवून पुढे डिस्क जोडली तर पॅड कायम घासत राहतात, डिस्क लाल होते आणि डिझेलचं अ‍ॅव्हरेज कुठं गेलं हे कोणाला कळत नाही.

बूस्टर. डिस्कला ड्रमसारखी स्वतःहून आवळून घ्यायची सवय नसते (ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमसोबत ओढला जाऊन अजून घट्ट बसतो), म्हणून पायाला जास्त जोर लागतो, म्हणून बूस्टर. पण बूस्टर चालतो व्हॅक्यूमवर. पेट्रोल इंजिनात तो इनलेट मॅनिफोल्डमधून फुकट मिळतो, डिझेलमध्ये नाही. कापूसवाले भाऊ, तुमच्या अल्टरनेटरच्या पाठीला एक छोटा पंप आणि त्याला इंजिन ऑइलचे बारीक पाइप जोडलेले दिसतात का?

कापूसवाला_दारव्हा:
पाह्यलं ताई. साधा अल्टरनेटर आहे, पाठीमागं काहीच नाही, मोकळं. म्हणजे गॅरेजवाला बूस्टर कशावर चालवणार होता?

उगीच_एक:
विश्वासावर.

आयटीआयवाली_ताई:
😀 तर मग त्या चाळीस हजारात पंपवाला अल्टरनेटर, तेलाच्या लाइनी आणि टाकी धरली आहे का ते विचारा. शिवाय बोलेरोचा बूस्टर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बसतो, वरून लटकत्या पेडलसाठी. तुमचं पेडल फ्लोअरमधून वर येतं. म्हणजे एक तर फायरवॉल कापून पेडलबॉक्सच बदला, नाही तर लाइनीत बसणारा रिमोट बूस्टर शोधा. डिस्क हा एक पार्ट नाही, त्याच्यामागे चार पार्ट येतात.

जुना_ड्रायव्हर:
मी सरकारी जीप चालवून रिटायर झालेला माणूस, मशीनचं ह्या पोरांइतकं समजत नाही पण घाट समजते.

चिखलदऱ्याले जातानी चढ काही करत नाही, उतरतानी पाहावं लागते. ज्या गिअरमध्ये चढले त्याच गिअरमध्ये उतरा, उतार सुरू व्हायच्या आधी गिअर टाका, मधात टाकाच्या भानगडीत पडू नका. ब्रेकवर पाय ठेवून ठेवून उतरू नका, दाबा-सोडा, गाडी हळू झाली की पूर्ण सोडा. आपल्याकडं डिझेल वाचवाले न्यूट्रल करून, काही शहाणे तं इंजिनच बंद करून उतरतात. बूस्टर लावलं आणि इंजिन बंद केलं तं दोन-चार दाबात बूस्टर रिकामं, मंग पेडल दगड होते. बूस्टर नसलं तरी न्यूट्रल नाहीच.

उतरतानी पेडल काय सांगते ते ध्यानात ठेवा. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही म्हणजे लायनर तापले, बाजूले घेऊन उभी करा, अर्धा तास बसा, पाणी मारू नका ड्रमवर, तडकते. पेडल एकदम मऊ होऊन खाली गेलं म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं, त्याच्यात वाफ झाली, तवा पंप मारत गिअरवर उतरवा अन् जागा दिसली की थांबा.

अन् ह्या जीपचा हँडब्रेक चाकावर नसते, ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर असते. चालत्या गाडीत ओढू नका. पंक्चर काढतानी हँडब्रेक ओढून मागचं एक चाक जॅकवर घेतलं तं तो काहीच धरत नाही, डिफरन्शिअलमुळं उचललेलं चाक फिरते आन् गाडी घरंगळते. चाकाले दगड लावल्याशिवाय जॅकले हात लावाचा नाही, पोट्ट्यायले सांगून ठेवा.

लेथवाला_अकोला:
काका एकदम बरोबर. ऑइलवरून आठवलं, मागचं कधी बदललं होतं भाऊ?

कापूसवाला_दारव्हा:
बदललं म्हणजे… कमी झालं की टाकतो. काळं आहे जरा.

लेथवाला_अकोला:
मंग घाटात उकळणारच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेते. डॉट ३ ग्रेडचं ऑइल कोरडं असलं की किमान २०५ डिग्रीले उकळते, पाणी धरलेलं १४० ले. डॉट ४ चं तेच २३० आणि १५५. तुमचा सिलेंडर पायाखाली, झाकणाच्या भोकातून चिखलपाणी जाण्याची सोय अजून वेगळी. सगळं काढून डॉट ४ भरा, दोन वर्षाच्या आत बदलत जा, आणि सिलिकॉनवालं डॉट ५ कोणी फुकट दिलं तरी त्यात मिसळू नका. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल टाकणारेही पाह्यले आहेत, रबर फुगून सगळे सिलेंडर जाम होतात.

एक डीआयवाल्यांसाठी खास. इंजिन बदललं तेव्हा सायलेन्सरचा पाइप नव्यानं वळवला असंल. तो मास्टर सिलेंडरच्या किती जवळून गेला ते खाली वाकून पाहा. जवळ असंल तर मधात पत्र्याची आड लावा, नाही तर घाट नसतानाही तेल तापते.

परतवाडा_फोरबायफोर:
आणि मागचे ब्रेक जास्त तेज करू नका. ८० इंची व्हीलबेस आहे, मोकळ्या गाडीत मागची चाकं आधी जाम झाली तं ओल्या डांबरावर गाडी स्वतःभोवती फिरते. पुढं डिस्क केली तर मागच्या लाइनीत प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी ठेवणारा) टाका.

कापूसवाला_दारव्हा:
आरटीओचं काही लफडं होईल का? आरसीचं रिन्यूअल जवळ आलं आहे. आणि कोणी तरी म्हणे पन्नास वर्षं झाली म्हणून व्हिंटेजमध्ये नोंद कर.

आयटीआयवाली_ताई:
व्हिंटेजच्या नादी लागू नका. २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांची अट आहे, पण इंजिन-चेसिसमध्ये मोठा बदल नको असंही आहे, तुमचं इंजिनच बदललेलं. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरात चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. कापूस कशात नेणार मग?

साधं रिन्यूअल पाच वर्षांचं असतं. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारची फी दहा हजार झाली आहे, ते बजेटमध्ये धरा, ग्रीन टॅक्स वेगळा. आरसीवर ब्रेकचा रकाना नसतो, पण तपासणीत ब्रेक बघतात, आणि फायरवॉल-पेडलबॉक्स कापाकापी करणार असाल तर आधी आरटीओत विचारून घ्या.

कापूसवाला_दारव्हा:
ठरवलं मंग. आता चारही ड्रम लेथवर, नवे लायनर, सगळ्या व्हील सिलेंडरच्या किट, होज पाइप नवे, डॉट ४. सायलेन्सरचा पाइप पाह्यला, सिलेंडरच्या चार बोटं बाजूनं गेला आहे, पत्रा लावतो. त्यासोबतच टँडम सिलेंडर, ताईनं सांगितल्याप्रमाणं पुढचं-मागचं वेगळं. डिस्कचं पुढच्या कापसाचे पैसे हातात आले की पाहू, भाव काय मिळते त्याच्यावर आहे.

एकच विचारतो, टँडम बसवताना पेडलच्या रॉडची लांबी किती ठेवाची? मिस्त्री म्हणते टाइट ठेव, पेडल वर राहते.

लेथवाला_अकोला:
टाइट अजिबात नको. रॉड आणि पिस्टनमध्ये थोडी ढील पाहिजेच, एखादा मिलिमीटर, पेडल हातानं दाबून पाह्यलं की पहिले थोडं मोकळं हललं पाहिजे. ढील नसली की पिस्टन पूर्ण मागं येत नाही, आतलं बारीक भोक झाकलेलं राहते, तापून फुगलेलं तेल टाकीत परत जात नाही आणि ब्रेक आपोआप लागत जातात. दहा किलोमीटरवर चारही ड्रम गरम अन् गाडी ढकलल्यानं हलत नाही अशी आली की मी पहिले तोच रॉड पाहतो. मिस्त्रीले म्हणा पेडल वर आणाचं काम शूच्या अ‍ॅडजस्टमेंटनं कर.

झालं की चारही ड्रमले हात लावून पाहा, पाच-सात किलोमीटर चालवून, ब्रेक न मारता. एखादा बाकीच्यापेक्षा गरम लागला तर तोच आधी खोला.

जुना_ड्रायव्हर:
हात लावाच्या आधी थुंकी लावून पाह्यजा, बोट भाजून घेसान.